जुनं रिव्हॉल्व्हर ठेवणं, चालवणं, किंमत काढणं: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

माझ्याकडे आजोबांचं बत्तीस बोअरचं (म्हणजे नळीचं माप .३२ इंच) वेब्ली या इंग्रज कंपनीचं रिव्हॉल्व्हर आहे, लायसनसकट. हे चार लोकांना कळलं की पंचवटीपासून पिंपळगावपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या ट्रंकेत काहीतरी सापडतं आणि फोन येतो. प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी वकील नाही आणि बंदुकीचा दुकानदारही नाही, जिथे कायद्याचा पेच आहे तिथे वकील गाठाच. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल एकच ना? आमच्याकडे सगळे पिस्तूलच म्हणतात.

एक नाही. रिव्हॉल्व्हरला फिरणारा सिलेंडर असतो, त्यात पाच किंवा सहा घरं (काहींना सात), चाप ओढला की सिलेंडर एक घर फिरतो आणि घोडा (हॅमर) पडतो. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. नाशिकचंच उदाहरण घ्या, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या ते हत्यार ब्राउनिंग पिस्तूल होतं, सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी, पण आपल्याकडे गप्पांमध्ये त्याचं सर्रास रिव्हॉल्व्हर होतं. फरक माहीत असणं गरजेचं आहे, कारण लायसनवर तो स्पष्ट लिहिलेला असतो आणि काडतुसं सुद्धा वेगळी (प्रश्न १० वाचाच).

२. विंटेज म्हणजे किती जुनं?

ठरलेलं एक उत्तर नाही, देशादेशाप्रमाणे बदलतं. अमेरिकेत १८९९ च्या आधीचं ते अँटिक, आणि पन्नास वर्षांवरचं मूळ स्थितीतलं ते क्युरिओमध्ये (संग्रहाच्या जुन्या वस्तूंमध्ये) जाऊ शकतं. आपल्याकडे बोलताना लोक इंग्रजांच्या काळातलं, म्हणजे १९४७ च्या आधीचं किंवा त्याच्या आसपासचं, त्याला विंटेज म्हणतात. मी पण त्याच अर्थाने वापरतोय. कायद्याला मात्र आपल्या बोलीचं काही पडलेलं नाही, ते प्रश्न ६ मध्ये.

३. वडील गेले, कपाटात त्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, लायसन त्यांच्या नावावर होतं. आता काय करायचं?

पहिली गोष्ट, हात लावायची घाई करू नका. भरलेलं असू शकतं. उघडायची सवय नसेल तर चापापासून बोट लांब, नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे, आणि माहीतगार माणूस येईपर्यंत कपाट बंद. घरातली लहान मुलं त्या खोलीत नकोत.

दुसरी गोष्ट, दिवस घालवू नका. लायसन माणसाचं असतं, घराचं नसतं, त्यामुळे माणूस गेला की ते हत्यार तुमच्याकडे असणं कायद्याने बसत नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम २१ सांगतं की असं हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनधारक डीलरकडे जमा करायचं. तेराव्यापर्यंत कोणी काही बोलत नाही हो, पण वर्ष वर्ष कपाटात पडलेली हत्यारं मी बघितलीत आणि मग ठाण्यात जाऊन समजावताना घाम फुटतो. आधी मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं मूळ लायसन घेऊन ठाण्यात नुसतं जाऊन या, हत्यार न नेता, आणि ते कसं आणायचं हे त्यांनाच विचारा. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर मेक, बोअर आणि नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. माझ्या वडिलांच्या वेळी एका ठिकाणी नंबरातला एक आकडा चुकला होता, तेवढ्यासाठी पुढे सात महिने फेऱ्या झाल्या.

४. ते माझ्या नावावर होईल का? अर्ज कुठे करायचा?

होऊ शकतं. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये वारसासाठी वेगळी सोय आहे. लायसनधारक वारल्यावर तर आहेच, पण तो हयात असताना सुद्धा, वयाची ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाला पुढे करू शकतो. हे फार कमी लोकांना माहितीये. घरात वडील ७२ वर्षांचे असतील आणि मुलगा किंवा मुलगी तयार असेल तर आत्ताच करून घ्या, नंतरची धावपळ वाचते.

नाशिक शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, सिन्नर, निफाड, दिंडोरी वगैरे ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि युआयएन (युनिक आयडेंटिफिकेशन) नंबर लागतो, जुन्या पुस्तकावर तो नसेल तर आधी तेच विचारा. वय २१ पूर्ण हवं. बाकीच्या भावाबहिणींची ना हरकत लागते, आणि इथेच बरीच घरं अडकतात, म्हणून वाटणीच्या भांडणात हत्यार ओढू नका. सुरक्षित हाताळणीचं ट्रेनिंगही करावं लागतं, आणि ते कागदासाठी नाही, खरंच शिकायला करा.

५. लायसन भावाच्या नावावर, मी फक्त दुरुस्तीला नेऊन आणलं तर?

कायद्यात याला वाट आहे. लायसनधारक सोबत असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी किंवा लायसन नूतनीकरणासाठी दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो. लेखी म्हणजे लेखी, "दादाने फोनवर सांगितलं" याला काही अर्थ नाही. पत्रावर तारीख, कारण, हत्याराचा नंबर आणि लायसनची झेरॉक्स जोडा. आणि काम झालं की थेट घरी, मध्येच कॉलेज रोडला चहाला थांबू नका.

६. आमचं शंभर वर्षांचं आहे, मग लायसन लागत नाही ना? एका मित्राने सांगितलं.

हा मित्र प्रत्येकाचा असतो. नुसतं वय पुरत नाही.

कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त अशा हत्याराला, जे *दुरुस्त करूनही किंवा न करताही* फायरआर्म म्हणून वापरता येणार नाही. शेवटचा भाग परत वाचा. शंभर वर्षांपूर्वीचं वेब्ली तेल दिलं की आजही चालतं, मग ते या सुटीत बसत नाही. स्प्रिंग तुटलेलं पण बदलता येण्यासारखं असेल तरी बसत नाही.

मग २०२० मध्ये केंद्राने एक नोटिफिकेशन काढलं, क्युरिओ प्रकारातली हत्यारं घ्यायला आणि ठेवायला भारतीय नागरिकाला लायसन नको, पण वापरायला, जवळ घेऊन फिरायला किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायला लायसन हवंच, आणि लायसनवर नोंद नसेल तर त्याची काडतुसं मिळणार नाहीत. लोक पहिलं अर्धं वाक्य व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि दुसरं सोडून देतात. आणि तुमचं हत्यार क्युरिओ आहे की नाही हे तुम्ही, मी किंवा तो मित्र ठरवत नाही. लायसनिंग ऑफिसला वर्णन, फोटो, नंबर देऊन लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत आपलं हत्यार लायसनचंच आहे असं समजून वागा.

७. तीन आहेत घरात. तिन्ही ठेवता येतील?

एका माणसाला आता दोनच. २०१९ च्या दुरुस्तीने तीनाचे दोन झाले, आणि वारशाने आलेलं सुद्धा त्या दोनातच धरतात. जास्तीचं जमा करायचं किंवा प्रश्न १६ प्रमाणे विकायचं. त्याच दुरुस्तीने लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, ही एक बरी गोष्ट. नेमबाजी खेळाडूंना जास्त हत्यारांची वेगळी सवलत आहे, पण ती खेळाच्या रेकॉर्डवर मिळते, संग्रहाच्या आवडीवर नाही.

८. बत्तीस चालतं मग अडतीस का नाही? दोन्ही वेब्लीच आहेत!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण देवळाली कॅम्प ही फौजेची छावणी आपल्या शेजारी आणि तिथून इंग्रज गेले तेव्हा कोणाकोणाच्या घरी काय काय राहून गेलं.

कायदा कंपनी बघत नाही, काडतूस बघतो. आर्म्स रूल्सच्या पहिल्या शेड्यूलप्रमाणे .३८० किंवा .४५५ ची रिम (बुडाला बाहेर आलेली कडा) असलेली काडतुसं, सर्व्हिसची ९ एमएम किंवा .४५ ची बिनरिमची काडतुसं ज्यात बसतात आणि सुटतात अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर निर्बंधित गटात येतात, ज्याला आपण पीबी (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतो. कारण ती फौजेची काडतुसं होती. म्हणून पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सिक्स (.४५५), एनफिल्ड नंबर टू आणि अडतीसचं वेब्ली मार्क फोर हे सगळे पीबी. तेच वेब्ली मार्क फोर बत्तीसमध्ये आलं की साध्या लायसनवर, एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोअर) म्हणून चालतं. हातात घेतलं तर दोन्ही भाऊ भाऊ दिसतात.

पीबीचं लायसन कलेक्टर किंवा आयुक्त देत नाहीत, ते केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं, वारसाचा अर्ज सुद्धा. मिळणं अवघड आहे, खोटी आशा देत नाही. पण आजोबांचं मार्क सिक्स निघालं म्हणून कोणाला गुपचूप देऊन टाकू नका आणि गोदावरीतही टाकू नका (असं खरंच विचारलंय मला). प्रश्न ३ प्रमाणे जमा करा.

९. कुठलं मेक आहे, किती सालचं आहे, हे कसं ओळखू?

भिंग घ्या, मोबाईलचा टॉर्च घ्या, आणि आधी खात्री करा की सिलेंडर रिकामा आहे, दोनदा. मग अक्षरं वाचा.

वेब्लीवर बहुतेक वेळा नाव असतंच, त्यांची खूण म्हणजे पंख असलेली गोळी. मार्क सिक्सच्या फ्रेमवर सालच कोरलेलं असतं, १९१५ पासून पुढचं. अडतीसच्या मार्क फोरवर ".३८ १४५/२००" असं दिसलं तर ते गोळीचं ग्रेनमधलं वजन आहे, लोक त्याला सिरियल नंबर समजून लायसनवर लिहून मोकळे झालेत! "वॉर फिनिश" असं कोरलेलं असेल तर दुसऱ्या महायुद्धातलं, घाईत केलेलं, वरचं फिनिश ओबडधोबड. तो दोष नाही, त्याची ओळख आहे, घासून गुळगुळीत करू नका.

प्रूफ मार्क, म्हणजे हत्यार तपासून पास केल्याचे शिक्के, बघा. मुकुट आणि खाली बीव्ही, बीपी, एनपी अशी अक्षरं असतील तर बर्मिंगहॅम प्रूफ हाऊस, १९०४ नंतरचं. अंडाकृतीत ईएलजी असेल तर बेल्जियमच्या लीएजचं. "नॉट इंग्लिश मेक" असं असेल तर बाहेरच्या देशातलं हत्यार इंग्लंडमध्ये तपासलेलं, ही खूण १९२५ पासूनची. बेल्जियम आणि स्पेनच्या एइबारमध्ये वेब्ली आणि स्मिथ अँड वेसनच्या खूप नकला झाल्या, दिसायला हुबेहूब, त्यामुळे आकारावरून कधीच ठरवू नका.

नळीवर किंवा फ्रेमच्या पट्टीवर दुकानाचं नावही असू शकतं. कलकत्त्याचे आर. बी. रोडा, मँटन, किंवा आर्मी अँड नेव्ही. इंग्रज ऑफिसर आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचे म्हणून ही नावं. (१९१४ मध्ये क्रांतिकारकांनी कलकत्त्यात ज्यांची ५० माउझर पिस्तुलं पळवली तेच हे रोडा.) असं नाव स्वच्छ वाचता येत असेल तर ते सोन्यासारखं जपा.

आणि एक. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच धाटणीवर आहे, तेही मधून मोडून उघडतं. बरेच जण तेच "इंग्रजांचं वेब्ली" म्हणून दाखवतात. आता वेब्लीच्या नावाने उत्तर प्रदेशात नवीन बत्तीस सुद्धा बनतं. दोन्ही चांगली आहेत पण विंटेज नाहीत.

१०. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला बत्तीसची कुठलीही गोळी चालते ना?

नाही. नाही. नाही. सगळं लिखाण सोडून दिलंत तरी चालेल पण हे वाचा.

आपल्याकडे ज्याला नुसतं "बत्तीस" म्हणतात त्यात कमीत कमी तीन काडतुसं येतात. एक, .३२ स्मिथ अँड वेसन, आखूड, केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) साधारण १५ मिमी. दोन, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ पासूनचं, केस साधारण २३ मिमी, आपल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांचं हेच. तीन, .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी, हे पिस्तुलाचं.

आखूड काडतूस लाँगच्या सिलेंडरमध्ये बसतं आणि चालतं. उलटं होत नाही, लाँग आखूड सिलेंडरच्या पुढे येतं, आणि कोणी ठोकून बसवायचा प्रयत्न केला तर त्याला तिथेच थांबवा. खरा धोका तिसऱ्याचा. एसीपीला अर्धवट रिम असते त्यामुळे ते जुन्या बत्तीसच्या सिलेंडरमध्ये बसून जातं, सुटतंही, पण त्याचा दाब जास्त आणि तुमचं रिव्हॉल्व्हर कदाचित काळ्या दारूच्या जमान्यातलं. सिलेंडर फाटू शकतो. दुकानात "बत्तीसची द्या" असं म्हणू नका, "बत्तीस एस अँड डब्ल्यू लाँग, रिव्हॉल्व्हरची" असं पूर्ण म्हणा आणि डबा उघडून बुडावरचा शिक्का वाचा. आपल्या पुण्याच्या खडकी फॅक्टरीच्या मालावर केएफ असतं.

११. मग जुनं रिव्हॉल्व्हर चालवणं सेफ आहे का?

काही आहेत, काही नाहीत, आणि फोटो बघून कोणीही सांगू शकत नाही. एकोणिसाव्या शतकातली बरीचशी हत्यारं काळ्या दारूसाठी बनलेली, आताची धूर न करणारी दारू त्यांना झेपत नाही. कोल्टने सुद्धा आपलं सिंगल ॲक्शन आर्मी, जे १८७३ चं डिझाइन, ते बिनधुराच्या दारूला चालेल असं १९०० च्या सुमारासच म्हटलं. माझं मत स्पष्ट आहे, १९०० च्या आधीचं असेल तर चालवायचं नाही, ठेवायचं.

नंतरचं असेल तर लायसन असलेल्या चांगल्या मिस्त्रीकडून हे तपासून घ्या: घोडा पूर्ण मागे गेल्यावर सिलेंडर कुलूप लागल्यासारखा घट्ट बसतो का, पुढेमागे हलतो का, प्रत्येक घर नळीच्या बरोब्बर समोर येतं का, उभ्या घोड्याला अंगठ्याने ढकललं तर तो पडतो का (पडता कामा नये), नळीत फुगवटा किंवा खोल खड्डे आहेत का. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची वरची कडी सैल झालेली असते, ती विशेष बघायला सांगा.

दोन सवयी. सिलेंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, तिथे बोटं कधीच नकोत, पिस्तुलावर शिकलेली मंडळी दुसरा हात पुढे धरतात आणि भाजून घेतात. आणि जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये आतासारखा सेफ्टी अडसर नसतो, हातातून घोड्यावर पडलं तर सुटू शकतं. कोल्ट सिंगल ॲक्शनवाले सहा घरांत पाचच भरायचे आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे ते याचसाठी.

१२. कुठे चालवू? आमची गंगापूर धरणाच्या बाजूला शेती आहे, तिकडे कोणी नसतं.

शेतात नाही, धरणावर नाही, डोंगरात तर नाहीच. मान्यता असलेल्या रेंजवर, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या माणसासमोर. नाशिकला नेमबाजी नवीन नाही, निवृत्त आयपीएस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांसारखा माणूस याच गावात राहिला आणि नेमबाजांच्या कितीतरी पिढ्यांना एकाग्रता शिकवून गेला. रेंजवर आधी फोन करून विचारा की सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसणारं) बत्तीस चालेल का, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त एअर आणि बावीस बोअर चालतं.

एक गोष्ट सांगायला मला फार आवडतं, .३२ लाँग हे म्हातारं काडतूस अजून खेळात जिवंत आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत कितीतरी नेमबाज हेच वापरतात, कारण धक्का कमी आणि अचूकपणा जबरदस्त. आजोबांचं काडतूस आणि जागतिक स्पर्धेतलं काडतूस एकच!

लग्नात, वरातीत, वाढदिवसाला हवेत गोळीबार हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी कोणाच्या तरी डोक्यावर खाली येते.

१३. मळ्यात बिबट्या येतो, आजोबांचं रिव्हॉल्व्हर जवळ ठेवलं तर?

निफाड-सिन्नरकडून हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो आणि भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण अंधारात, उसात, सत्तर वर्षं जुन्या बत्तीसने बिबट्या थांबत नाही, जखमी होतो, आणि जखमी बिबट्या पुढच्या माणसाला फाडतो. शिवाय तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, ती लावा.

१४. पावसाळ्यात गंज चढतो, काय लावू? आणि ट्रंकेत जुनी काडतुसं पण आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवणं. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला खातात, जिथे चामडं टेकतं तिथेच तपकिरी डाग येतात. कव्हर वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं. सुती कापडावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब, बाहेरून आणि नळीतून पातळ हात, मग कोरडं पुसा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कुलुपाच्या लोखंडी कपाटात. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, शहरात महिन्याने. खोबरेल तेल नको, चिकट होऊन बसतं. लायसनचं पुस्तक आणि जुन्या पावत्या वरच्या मजल्यावर, सराफ बाजारात गोदावरीचं पाणी शिरलं की काय होतं ते जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना सांगायला नको.

जुनी काडतुसं चालवू नका. त्यांच्या प्रायमरमध्ये (बुडाच्या टोपीत) क्षार सोडणारं रसायन असायचं, उडालीच तर नळी आतून एका रात्रीत गंजते, आणि अर्धवट उडून गोळी नळीतच अडकली तर पुढची गोळी नळी फोडते. ती लायसनच्या हिशोबात सुद्धा येतात, म्हणून हत्यारासोबत तीही जाहीर करा.

१५. विकायच्या आधी पॉलिश किंवा निकेल करून घेतलं तर भाव वाढेल ना?

भाव पडतो. अर्ध्याहून जास्त पडू शकतो.

हे मी स्वतः भोगलंय. आजोबांचं वेब्ली वडिलांनी एका दुरुस्तीवाल्याकडे फक्त कडी घट्ट करायला दिलं होतं, त्याने न विचारता बफ मारून चकचकीत निकेल चढवून दिलं, वरून "नवीन केलं बघा साहेब" म्हणाला. आजोबांच्या अंगठ्याने ज्या जागी काळसर निळा रंग उडाला होता ती जागा गेली, दुकानाच्या नावाची अर्धी अक्षरं गेली, प्रूफ मार्क बोथट झाले. वडील त्या संध्याकाळी जेवले नाहीत. नंतर जाणकाराने बघितलं आणि एवढंच म्हणाला की "होतं तसं असतं तर."

म्हणून ब्रासो नाही, सँडपेपर नाही, नवीन ब्ल्यूइंग (काळसर निळा मुलामा) नाही. स्क्रूला सुद्धा बरोबर मापाचा पेचकसच लावा, खाच चिरली की जाणकाराला ते पहिल्या नजरेत दिसतं. मुठीच्या पट्ट्या तुटल्या असतील तर नवीन लावा पण जुन्या फेकू नका, पुडीत बांधून ठेवा. दुरुस्तीला देताना कागदावर लिहून सही घ्या, "फक्त अमुक काम, फिनिशला हात लावायचा नाही."

१६. बरं, मग किंमत किती येईल?

आकडा मी फोनवर सांगत नाही. पण किंमत कशी बनते ते सांगतो, मग कोणी फसवू शकणार नाही.

बाजारभाव दोन आहेत, परदेशातला आणि आपल्याकडचा, आणि ते उलटे चालतात. परदेशात संग्राहकांना मार्क सिक्स .४५५ हवं असतं आणि बत्तीसचं वेब्ली तिथे साधं समजतात. आपल्याकडे मार्क सिक्स सामान्य माणसाला ठेवताच येत नाही म्हणून त्याला गिऱ्हाईकच नाही, आणि बत्तीसचं "इम्पोर्टेड" लाखांत जातं. कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांना बाहेरून हत्यार आणता येत नाही, तेव्हा आधी आलेला माल तेवढाच राहिला. तुलनेसाठी, कानपूरचं निर्भीक नावाचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा नवं कोरं साधारण १ लाख २२ हजाराला होतं. तर इथे लोक पैसे देतात ते बहुतेक वेळा इतिहासाला नाही, बत्तीसच्या वापरण्याजोग्या विलायती हत्याराला देतात.

त्यावर संग्राहकाची किंमत चढते ती मूळपणाने. मूळ फिनिश किती टक्के शिल्लक, फ्रेम, नळी, सिलेंडरवरचे नंबर जुळतात का, नळी आतून कशी, मूठ मूळ का, डबा, चावी, साफ करायची काडी सोबत आहे का, जुन्या दुकानाची पावती आहे का. आणि आपल्याकडे सगळ्याच्या वर कागद: पहिल्या लायसनपासून आजपर्यंत साखळी सलग आहे का. साखळी तुटलेली असेल तर उत्तम वेब्लीलाही कोणी हात लावत नाही.

विकताना दुसऱ्या लायसनधारकालाच, ज्याच्या लायसनवर तसं हत्यार घ्यायची परवानगी आहे. खासगी विक्री करायची तर किमान ४५ दिवस आधी लायसनिंग ऑफिसला किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं. डीलरकडून केलं तर तो कमिशन घेतो पण कागद नीट होतात, पहिल्यांदा विकणाऱ्याने तेच करावं. दोन-तीन डीलरांना दाखवा, आणि जो सगळ्यात आधी "काही नाही हो, भंगार आहे" म्हणतो त्याला देऊ नका.

१७. आजोबा सांगायचे की हे एका इंग्रज साहेबाचं होतं. त्याने किंमत वाढते?

सांगण्याने नाही, पुराव्याने. २०२१ मध्ये बिली द किड या अमेरिकन गुंडाला पॅट गॅरेट या शेरीफने ज्या कोल्टने मारलं ते अमेरिकेत साठ लाख डॉलरच्या वर गेलं, तसंच दुसरं कोल्ट त्याच्या एका बारीक तुकड्याला जातं. फरक फक्त कोणाच्या हातात होतं हे कागदाने सिद्ध होण्याचा. तुमच्याकडे साहेबाचं पत्र, बक्षीसपत्र, जुन्या लायसनवरची "अमुककडून मिळाले" अशी नोंद, काहीही असेल तर स्कॅन करून ठेवा. कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन असेल तर नंबरावरून फॅक्टरीतून कधी, कुठे पाठवलं त्याचं पत्र पैसे भरून मिळतं. आणि कागद नसेल तरी आजोबांची गोष्ट लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह. बाजारात चालली नाही तरी घरात चालेल.

१८. परदेशातल्या लिलावात पाठवता येईल?

शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर पुरावस्तू कायदा १९७२ आडवा येतो, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून नवीन असेल तरी हत्यार निर्यातीचं वेगळं लायसन लागतं. बाहेरून आणायचं तर प्रश्न १६ मधली बंदी. लिलावांचे कॅटलॉग अभ्यासासाठी मात्र जरूर बघा, मूळ फिनिश कसं दिसतं हे डोळ्याला कळायला त्यासारखं काही नाही.

१९. निवडणुकीत जमा करायला सांगितलं, हत्यार खराब होऊन परत येतं. काही करता येतं का?

आदेश आला तर जमा करायचंच. सूट हवी असेल तर अर्ज करता येतो, समिती ठरवते. जमा करायच्या आदल्या दिवशी तेलाचा हात द्या, सुती पिशवीत ठेवा, चारही बाजूंनी फोटो काढा, ठाण्याऐवजी डीलरकडे जमा करता येईल का ते विचारा, तिथे बहुधा कोरड्या कपाटात राहतं. माझं तर मी दर वेळी असंच देतो, आणि परत आलं की आधी नळी उघडून उजेडाकडे धरून बघतो, मगच पावतीवर सही करतो.